सही बारीक झाली

इंदूरजवळच्या पीथमपूरला २२ वर्षं लेथवर उभा होतो. पार्किन्सन्सने खाली उतरवलं. (मशीनवर हात थरथरायला लागला की आपणच बाजूला व्हावं, बोटं जायच्या आत.)

ईएसआयचा (कामगार विम्याचा) आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. तो संपला. पार्किन्सन्स दीर्घ आजारांच्या यादीत आहे, म्हणून पुढे ८० टक्के मिळतो, जास्तीत जास्त दोन वर्षं. हे मला शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं!

तर पैसे यायचे ते खातं बंद पडलेलं. म्हणून आज बँकेत चौथी चक्कर. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, साइन मैच नहीं हो रही." कशी होणार? या आजारात अक्षर बारीक होत जातं. जुन्या कार्डावरची माझी सही ऐटीत, शेपटीसकट. आजची मुंगीएवढी, शेवटी तर पार आखडलेली. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी बघतच राहिलो. शेवटी अंगठा लावला.

बाहेर हिने विचारलं, "झालं का हो?" मी निळा अंगठा दाखवला.

मग राजवाड्यापाशी पोहे-जिलेबी. हिने भरवायला चमचा हातात घेतला, मी नको म्हटलं. निम्मे पोहे शर्टावर.