राम म्हणजे जे-के-ई

जामसंड्याहून कुणकेश्वरमार्गे मिठबावला निघालो तेव्हा खिशात माझा नेहमीचा पेनड्राइव्ह होता. त्यात फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप आणि पीडीएफ वाचायला सुमात्रा. नवा किंवा फॉरमॅट केलेला कॉम्प्युटर आला की एवढं टाकायचं. सगळं फुकट, सगळं अधिकृत, अर्ध्या तासाचं काम.

अण्णा पडवीतच वाट बघत होते. लॅपटॉप टेबलावर, त्यावर प्लास्टिक. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याला सगळेच घाबरतात.

"बाबू, माझा सगळा गेला रे."

लॅपटॉप हळू चालतो म्हणून कुणाकडे तरी दिला होता. त्याने विंडोज नव्याने घातली आणि वर स्वतःच्या मनाने भरती केली: क्रॅक केलेलं ऑफिस, दोन अँटिव्हायरस, कुठलासा ड्रायव्हर अपडेटर. दोन अँटिव्हायरस म्हणजे एका दारावर दोन कुत्रे, चोर सोडून एकमेकांवरच भुंकणारे. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. पण क्रॅक चालावा म्हणून तोही बंद करून ठेवलेला. मी आधी सगळा केर काढला.

मग अण्णांनी फाइल उघडून दाखवली. कुळवृत्तांत, नऊ वर्षांचं टायपिंग. फाइल डी ड्राइव्हवर होती म्हणून वाचली, पण पडद्यावर मराठी नावाला नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम.

"ह्या काय झाला?"

मी दोन पानं खाली गेलो. एक तुकडा सारखा सारखा येत होता: जे, के, ई. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. राम! ज्या घराण्यात दर दुसऱ्या पिढीत एक रामचंद्र, त्याच्या कुळवृत्तांतात दुसरं काय दिसणार? फाइल धडधाकट होती. फॉरमॅटमध्ये फक्त फॉन्ट उडाला होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसतं, आत साठवलेलं असतं इंग्रजीच. वरचा मुखवटा काढला की आतलं उघडं पडतं.

माझ्या हार्डडिस्कवर कृतिदेव होता. टाकला आणि अण्णांचे पूर्वज ओळीने उभे राहिले. अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तिथे थांबलो असतो तर पुढच्या फॉरमॅटला हाच प्रसंग. म्हणून सगळा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घेतला, म्हणजे आतही खरीच मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडला. यात दुपार गेली. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी सांभाळतो, पण जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मी पडद्यावर, अण्णा जुन्या प्रिंटआउटवर बोट ठेवून. दोनदा वीज गेली.

पुढचं टायपिंग युनिकोडमध्ये करा म्हणून मी विंडोजमधला इनस्क्रिप्ट, म्हणजे वेगळ्या मांडणीचा मराठी कीबोर्ड, चालू करून दिला. अण्णांनी पहिलं वाक्य टाइप केलं आणि भलतंच काहीतरी उमटलं. ते मुंबईत कोर्टात टायपिस्ट होते, बोटं रेमिंग्टन मशीनवर घडलेली. 'अण्णा, महिन्याभरात सवय होईल' असं म्हणणार होतो, पण त्यांची बोटं बघितली. न बघता चालणारी ती बोटं एका ओळीत लुळी पडली होती. इनस्क्रिप्ट काढला. मोबाइलचं नेट जोडून रेमिंग्टन मांडणीतच युनिकोड देणारा कीबोर्ड उतरवला. माझ्या पेनड्राइव्हवर तो कधीच नव्हता. आता आहे.

निघण्याआधी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून अण्णांच्या हातात दिली आणि एक डोंबिवलीच्या पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याला आजवर प्रिंटआउटच पोस्टाने जायचे. मी गाडीला किक मारतोय तोवर त्याचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"काका, मोबाइलवर सरळ वाचता येतंय! पण माझं नाव दोनदा आलंय बघा, पान चारवर."

"तो तू नाय रे मेल्या," अण्णा ओरडले, "तुझो पणजो तो!"