एकाच भिंतीला दोन मर्यादा

वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी स्फोटांचे हादरे मोजतो. खाण वाढली तसा फेस, म्हणजे प्रत्यक्ष खोदकामाची कड, गावाकडे सरकला आणि पूर्वी अधूनमधून असणारं हे काम आता रोजचं झालं आहे.

मशीन ठेवलं की आकडा येतो, असं बाहेरच्यांना वाटतं. पण जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणारा मशीनचा भाग, घराच्या जोत्यालगत घट्ट जमिनीत रोवावा लागतो. वरची भुसभुशीत काळी माती वीतभर खरवडायची, तिन्ही खिळे पूर्ण आत जाईपर्यंत दाबायचे, बाण ब्लास्टच्या दिशेला करायचा, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा आणि वर वाळूची पिशवी ठेवायची. सैल बसला तर आकडा फुगतो. ओट्याच्या फरशीवर नुसता टेकवला तर त्या आकड्याला अर्थच राहत नाही. तसा टेकवून मोजणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे रिपोर्ट मंजुरीच्या फायलींत लागतात याची मला चीड येते.

आलेला आकडा पडताळायचा तो खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाशी. खाणीच्या मालकीचं नसलेलं राहतं घर असेल, तर कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असताना जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यापुढे १५. तेच घर खाणीच्या मालकीचं आणि थोडे दिवसच उभं राहणारं असेल, तर हेच आकडे १०, १५ आणि २५ होतात. लवकरच पाडायच्या शेडसाठी, रिकाम्या क्वार्टरसाठी हे ठीक आहे.

त्या दिवशी मशीन होतं दोन भावांच्या घरांमध्ये. मधली भिंत सामाईक. थोरल्याचं घर विस्ताराच्या या टप्प्यात संपादित झालं, मोबदला मिळाला, ताबा कागदावर खाणीकडे गेला. धाकट्याचं पुढच्या टप्प्यात आहे. थोरला अजून तिथंच राहतो, कारण नव्या गावठाणात नळाला पाणी आलेलं नाही. घरात म्हातारी आई आणि सुनेचं तान्हं बाळ.

दुपारी भोंगा झाला, लाल झेंडे लागले. ब्लास्ट साडेपाचशे मीटरवर होता, म्हणजे पाचशे मीटरच्या धोका क्षेत्राबाहेर. आधी पायाखालून लाट गेली, मग आवाज आला, मांडणीवरचे डबे वाजले. पडद्यावर आकडा आला ६.८, वारंवारता ६ हर्ट्झ.

काळ्या मातीच्या जाड थरातून हादरा असाच येतो, संथ आणि लांबलेला. बैठं घर साधारण याच गतीला डोलतं, म्हणून ६ हर्ट्झचा ६.८ हा ३० हर्ट्झच्या ६.८ पेक्षा फार वाईट.

धाकट्याच्या घराच्या शीटवर लिहायचं ‘मर्यादेबाहेर’. थोरल्याच्या शीटवर ‘मर्यादेत’. भिंत एक, आकडा एक.

थोरला जवळ येऊन म्हणाला, “साहेब, तुमची मशीन का म्हनते?” मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. लपवायचं काही कारण नव्हतं. तो भिंतीवर हात ठेवून म्हणाला, “नमुना आठवर नाव बदललं म्हून या भितीले हादरा कमी बसते का?”

मला उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही.

ऑफिसचं म्हणणं ठरलेलं असतं, की भेगा काळ्या मातीनं पडतात. ते अर्धं खरं आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खाण नसलेल्या गावांतही घरं फोडते. पण आधीच तडकलेल्या भिंतीला रोजचा हादरा काय करतो, हे त्या उत्तरात येत नाही. परिपत्रक एकेका ब्लास्टची मर्यादा सांगतं, वर्षभराच्या बेरजेची नाही. खाणीत चोवीस तास पंप चालतात, गावातल्या विहिरी खोल गेल्या, तेही माझ्या मशीनला दिसत नाही.

आमचा ब्लास्टिंग ऑफिसर चांगला माणूस आहे, हिशेबाचा पक्का. ब्लास्टमधली बारूद भरलेली भोकं सगळी एकदम उडवत नाहीत, क्षणाच्या अंशाच्या अंतरानं उडवतात; त्या अंतराला डिले म्हणतात. हादरा ठरतो तो एका डिलेला एकदम किती किलो फुटतं त्यावर, एकूण बारूदावर नाही. त्यानं तिथंच मांडणी केली: ६.८ चे ५ करायचे तर एका डिलेचा चार्ज जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं कमी करावा लागेल. म्हणजे प्रत्येक भोकात मध्ये मातीचा थर देऊन दोन वेगळ्या डिलेवर उडवायचं. वेळ लागेल, एखादे दिवशी शॉव्हेल, म्हणजे कोळसा-माती उचलणारं यंत्र, नुसतं उभं राहील. “दहाची मर्यादा चालत असेल तर वरून मला हे करू देणार नाहीत,” तो म्हणाला. अडचण तांत्रिक नव्हतीच.

आमच्या शीटमध्ये ‘मालकी’ असा रकाना आहे, ‘घरात कुणी राहतं का’ असा नाही. मी शेऱ्यात लिहिलं: घर रिकामं झालेलं नाही, लहान मूल आहे, ५ ची मर्यादा धरावी. शीट परत आली, शेरा काढून नव्यानं भरा म्हणून. मी काढला नाही.

पुढच्या टप्प्याची मोजणी आता सुरू झाली आहे. तिथं अशी भिंतीला भिंत लागलेली घरं बरीच आहेत. ताबा गेला पण माणसं आत आहेत अशा घरांची यादी मी ब्लास्टिंग ऑफिसरला दिली आहे, आणि शेवटचं बिऱ्हाड हलेपर्यंत दोन्ही बाजूंना पाचच धरा, असं दर ब्लास्टच्या आधी लेखी कळवतो.