हिरडीवरची निळी रेघ

दाढ काढायला आलेल्या माणसाची दाढ मी त्या दिवशी काढली नाही.

सांगलीतला माझा दवाखाना दुपारी बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो आला. पस्तिशीचा, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला. "डॉक्टर, तेवढी दाढ काढा, घास चावता येईना." मी त्याचा खालचा ओठ ओढला. पुढच्या दातांपाशी, हिरडीच्या काठापासून जेमतेम एक मिलिमीटरवर, निळसर काळी रेघ.

आपल्याकडे मिश्री-तंबाखूनं काळवंडलेल्या हिरड्या रोजच बघायला मिळतात. तरी मी पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी दात आणि हिरडीच्या फटीत सरकवली. रेघ दातावरच्या किटणाची असती तर कागदाआड गेली असती. ती उलट ठळक झाली, आणि भिंगातून बघितली तर नुसते सुटे सुटे ठिपके. डावीकडे एक दाढ पूर्वीच गेली होती. तिथली हिरडी मात्र गुलाबी. तिथं माझी खात्री पटली. रक्तातून हिरडीत आलेलं शिसं आणि दातांवरच्या थरातल्या जंतूंनी सोडलेला गंधकाचा वायू यांच्या संयोगातून हा रंग येतो. दात नाही तिथं थर नाही, म्हणून रेघही नाही. हेन्री बर्टन या इंग्रज डॉक्टरनं १८४० मध्ये नोंदवलेली ही खूण मी परीक्षेपुरती पाठ केली होती. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो.

"पोटाचं काय?"

"कळा येत्यात. चार-चार दिवस संडास होत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू हायत."

बोलता बोलता त्यानं सवयीनं पुडी काढली आणि तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागला. तळहाताच्या रेषांत करडी धूळ बसलेली होती. कामावरही दिवसातून दहा-बारा वेळा असंच, म्हणाला. भट्टीचा धूर छातीत जातच होता, त्यात हा माणूस शिसं चुन्यात मळून ओठाखाली धरत होता. तंबाखूत मुळात कॅडमियम हा दुसरा विषारी धातू असतोच, ते वेगळं.

त्याच दिवशी त्याला फिजिशियन मित्राकडे पाठवलं. रक्तातलं शिसं ६८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, हिमोग्लोबिनही बरंच कमी. घरी चार वर्षांची मुलगी आहे कळल्यावर तिचंही रक्त तपासायला सांगितलं. भट्टीवरचे कपडे घरी न्यायचे नाहीत, हे त्याच्या बायकोला दोनदा समजावलं.

आठवड्यानं तो झिंकच्या गोळ्यांची बाटली घेऊन आला. कुणीतरी सांगितलं होतं, जस्त घेतलं की शिसं बाधत नाही. मी त्याला बसवून घेतलं. त्या सांगणाऱ्याचं सगळंच चुकलं नव्हतं. रक्ताचा लाल रंग तयार करणाऱ्या एका एन्झाइमला जस्त लागतं. शिसं त्या जस्ताला ढकलून त्याची जागा बळकावतं. जस्तामुळे शरीरात मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं आणि ते कॅडमियमला धरून ठेवतं. उंदरांना आहारातून जास्त जस्त दिल्यावर त्यांच्या आतड्यातून शिसं कमी शोषलं गेलं, हे १९७६ मध्येच दिसलं आहे. तोंडाच्या अस्तराला तर जस्त लागतंच. ते कमी पडलं की चव जाते, जखमा लवकर भरत नाहीत.

"पण दादा," मी म्हटलं, "ही गोळी घेऊन परत भट्टीवर गेलात तर तिचा काही उपयोग नाही." हाडांत साठलेलं शिसं गोळीनं निघत नाही. शिसं बांधून लघवीवाटे काढणारं औषध मित्रानं सुरू केलंच होतं. ते सोबत जस्तही घेऊन जातं, म्हणून जस्त कधी आणि किती द्यायचं ते त्यानंच ठरवायचं. मनानं भरमसाट घेतलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं. तोवर मोड आलेली मटकी, तीळ, अंडी खा म्हटलं. कडधान्य मोड आणून खाल्लं की त्यातलं जस्त अंगी लागतं, हे त्याच्या बायकोनं लगेच उचललं.

सगळ्यात अवघड गेलं ते काम सोडणं. दोन महिने तो टाळत राहिला. शेवटी मेहुण्याच्या रसवंतीवर बसायला लागला.

पाचव्या महिन्यात रेघ पुसट झाली होती, कागद सरकवल्यावरच कळावी इतकी. मुलीचं शिसंही उतरत होतं. तंबाखू सुटली नव्हती, पण खुर्चीत बसताना त्यानं दोन्ही तळहात पुढे केले. स्वच्छ होते. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट बघितला आणि मी भुलीची सुई भरली.