आमची वाटचाल: आधी गेज, मग डबा

टर्बो पेट्रोल गाड्यांच्या इंजिनातला दाब मोजायचा आणि मगच तेल अडवणारा डबा बसवायचा, हे आमचं काम. सुरुवात झाली वडिलांच्या वर्कशॉपातून. ते सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दारात पॉवरलूमचे दुरुस्तीला आलेले भाग. चादर-टॉवेलचे कारखाने जोरात होते तोवर लेथला उसंत नव्हती. पुढे जुने माग भंगारात निघू लागले, नव्या मशीनचे भाग बाहेरून तयार येऊ लागले आणि लेथवर कापड टाकून ठेवायचे दिवस वाढले. मी तेव्हा चिंचवडच्या एका गॅरेजात टर्बो पेट्रोल गाड्यांवर हात बसवून परत आलो होतो. वडील म्हणाले, "लेथ आहे, जागा आहे, पुढचं तुझं तू बघ." भांडवल म्हणाल तर तेवढंच.

सोलापुरात असल्या गाड्यांना गिऱ्हाईक कुठलं, असं सगळेच म्हणायचे. पण 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, 2017 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस, 2021 मध्ये आय-20 एन लाइन. डॉक्टर, टॉवेलवाल्यांची मुलं, बार्शी-पंढरपूरकडची बागायतदार मंडळी, कुणी ना कुणी ही गाडी घेतच होतं. पुण्याला जाऊन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप करून आणायचा, बूस्ट (टर्बो आत दाबतो त्या हवेचा दाब) वाढवायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत आमच्याकडे यायचं. तक्रारी ठरलेल्या: टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल पाझरतंय, इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल साचलंय, तेल मोजायची गेजपट्टी आपोआप वर येतेय. बरोबर इंटरनेटवरून मागवलेला चकचकीत ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल अडवणारा डबा. "मिस्त्री, एवढा डबा बसवा की ओ." आमच्या धंद्याचं वळण या एका वाक्यातून आलं.

डबा बसवायच्या आधी डबा कशासाठी ते कळायला हवं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात (क्रँककेसमध्ये), उतरतोच. गॅरेजच्या भाषेत ते बॅक कॉम्प्रेशन. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि खाली उडणाऱ्या तेलाचे बारीक थेंब मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तेल सापडेल त्या सीलमधून वाट काढतं. फार पूर्वी एक नळी रस्त्याकडे सोडून दिलेली असायची. धुराच्या त्रासामुळे 1961 पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर तो वायू परत इंजिनातच ओढून जाळायची सोय आली. तीच पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन.

साध्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांचा, व्हॅक्यूम हा वायू ओढून घेतो. टर्बोत अडचण अशी की जोर लावला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी बूस्ट असतो. तेव्हा पीसीव्हीचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बंद झाला पाहिजे आणि सगळा वायू ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरचा वायू बाहेर काढणाऱ्या वाटेच्या, दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी गेला पाहिजे. म्हणजे वायू सर्वांत जास्त निर्माण होतो तेव्हाच एक वाट बंद असते. कंपनीने दुसरी नळी कंपनीच्या बूस्टच्या हिशेबाने दिलेली असते. रीमॅपवाला बूस्ट वाढवतो, नळीकडे कुणी बघत नाही.

एक गाडी मला अजून आठवते. टर्बो निळा धूर मारतो म्हणून दुसऱ्या शहरात टर्बो बदलून झाला होता, धूर तसाच. टर्बोचं तेल कुठल्याही पंपाने परत येत नाही, ते आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. चेंबरमध्येच दाब असेल तर ते उतरायला नकार देतं, टर्बोत तुंबतं आणि सील ओलांडून सायलेन्सरकडे जातं. त्या गाडीचा चेक व्हॉल्व्ह गळत होता. बूस्ट उलटा चेंबरमध्ये शिरत होता. व्हॉल्व्ह बदलला, धूर थांबला. डबा बसवायची गरजच नव्हती. मालक थोडे नाराज झाले, कारण त्यांना निळ्या रंगाचा डबा हवा होता.

तेव्हापासून मोजल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, हे ठरलं. आमचा पहिला गेज म्हणजे गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी. यू आकारात लाकडी फळीवर ठोकली, अर्धी पाण्याने भरली, एक टोक गेजपट्टीच्या भोकात घट्ट बसवलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 100 मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, पाणी इंजिनाच्या बाजूला वर चढलं तर आत किंचित ओढ आहे, म्हणजे पीसीव्ही काम करतेय. उलट्या बाजूला चढलं तर गडबड. रस्त्यावर हे पाणी नाचतं, म्हणून आता प्रेशर सेन्सर लावून लॅपटॉपवर नोंद घेतो. त्यासाठी तुळजापूरचा घाट सोयीचा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना वेग बेताचाच राहतो आणि इंजिनावर भार मात्र भरपूर येतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तेलाचं झाकण उघडून धूर बघायचा आणि "इंजिन गेलं" म्हणायचं, ही पद्धत जुन्या डिझेलला चालते. या इंजिनांचं झाकण काढलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन अडखळतं. तो दोष नाही. उलट झाकण काढताना फारच जोर लागत असेल आणि आतून शिट्टी ऐकू येत असेल तर पीसीव्हीचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलेला असण्याची शक्यता जास्त. दाब खरोखर वाढलेला दिसला तर कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमधली पाचव्या हिश्श्याहून जास्त हवा रिंगांमधून निसटत असेल तर आम्ही डब्याचं किट विकत नाही, हाफ इंजिनच्या (पिस्टन-रिंगांच्या) कामाचा अंदाज देतो. काहींना ते आवडत नाही.

इंजिन धड असेल तर मग डबा. बाजारातले बरेच कॅन आतून रिकामे असतात. वायू एका तोंडातून शिरतो, दुसऱ्यातून तसाच निघतो, तेल बरोबर घेऊन. थेंब वेगळे व्हायचे तर वायूचा वेग कमी व्हायला हवा आणि त्याला वळायला लागायला हवं. आमच्या कॅनमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाइपाच्या आत भोकांच्या दोन चकत्या, मध्ये स्टेनलेस जाळीचा थर आणि तळाला जमलेलं तेल पुन्हा वर उडू नये म्हणून एक आडवी पट्टी असते. चकत्या वडिलांच्या लेथवरच निघतात. टिग वेल्डिंगला सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला एक मुलगा आहे. घरचे चार पिढ्या मागावर, हा मात्र शिलाईसारखा सरळ टाका घालतो.

नळीच्या मापावर मी गिऱ्हाइकाशी सर्वांत जास्त वाद घालतो. या नळ्यांची मापं एएन नंबरात असतात: एएन-10 ची नळी आतून सुमारे 14 मिलिमीटर, एएन-12 ची सुमारे 17. फरक तीनच मिलिमीटरचा वाटतो, पण वायूला जायची जागा दीडपट होते. कंपनीच्या नळीपेक्षा बारीक नळी लावायची नाही, हा पहिला नियम. दुसरा, नळी मध्ये झोळीसारखी लोंबकळू द्यायची नाही, तिथे तेल साचून वाट बंद होते. रेडिएटरच्या पाण्याची रबरी नळी तर मुळीच नाही. तेलाच्या वाफेने ती आतून फुगते, मऊ पडते आणि ओढ लागली की चपटी होते.

जागाही तितकीच महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो. टर्बोशेजारी बसवलेला कॅन इतका तापतो की तेलाची वाफ आत थंड होतच नाही, पुढे निघून जाते. म्हणून आम्ही बंपरच्या मागे, हवा लागेल अशा जागी ब्रॅकेट करतो. थंड देशांतल्या किटमध्ये कॅन गोठू नये म्हणून गरम पाण्याची लाइन फिरवलेली असते, ती इथे काय कामाची? जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांच्या कॅनमध्ये ताकासारखं पांढरट मिश्रण निघतं. लोक घाबरून फोन करतात, हेड पॅकिंग गेलं म्हणून. कूलंट कमी होत नसेल आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल तर ते फक्त वाफेचं पाणी आहे. ते मिश्रण काढून टाकायचं. परत चेंबरमध्ये सोडणारे सेपरेटर मला म्हणूनच पटत नाहीत.

फायदा काय, असं विचारतात. अश्वशक्ती वाढत नाही, हे मी आधीच सांगतो. पण हवेबरोबर तेल आत गेलं की पेट्रोलची नॉकिंग (अवेळी भडकून ठोके बसणं) सोसायची ताकद घटते, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि उन्हाळ्यात गाडी मरगळते. शिवाय या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून तेलाचा कार्बन तिथे चिकटून बसतो. तो अक्रोडाच्या कवचाच्या भुशाचा मारा करून काढावा लागतो. ते कामही आता आमच्याकडे होतं.

ब्रीदर उघडा सोडून द्या, असं सांगणारे भेटतात. रस्त्यावरच्या गाडीला आम्ही ते करत नाही. पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला बीएसच्या (भारत स्टेजच्या) प्रदूषण निकषांत परवानगी नाही, केबिनमध्ये वास येतो आणि एअर-फ्लो सेन्सरची गाडी असेल तर मोजणीबाहेरची हवा शिरून मिश्रण बिघडतं. स्पर्धेच्या गाडीचं वेगळं. मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या, नियमांत उघड्या ब्रीदरला 2000 सीसीपर्यंत दोन लिटरची आणि त्यापुढे तीन लिटरची टाकी लागते. तशा टाक्या आम्ही ऑर्डरप्रमाणे करून देतो.

आज लातूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून गाड्या येतात. वडील सकाळी येऊन लेथ चालवतात, हिशेब बायको बघते. जागा अजून तीच आहे, शेजारचा गाळा मिळाला तर बरं होईल.

तपासणीला यायचं असेल तर फोन करून या. गेल्या वेळच्या तेलाचं बिल बरोबर असू द्या. किती तेल भरलं हे त्यावर कळतं, आणि जास्त भरलेलं तेल हे ब्रीदरमधून तेल येण्याचं एक साधं कारण असतं. येताना इंजिन धुऊन आणू नका. तेल कुठून पाझरतंय ते दिसायला हवं.