‘गाडी घसरते’ म्हणण्याआधी

८ जुलै, रात्र. फोंडा

पाऊस सकाळपासून खळलेला नाही. अशा दिवसांत कॉम्प्युटरला जोडायची रेसिंग व्हील घराघरांत कपाटाबाहेर येतात आणि तेच जुने वाद सुरू होतात. ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ या रेसिंगच्या गेमबद्दल आज तीन मतं कानावर आली. पहिलं, गाडी साबणावर चालवल्यासारखी घसरते. दुसरं, खरी गाडी इतकी अवघड नसतेच. तिसरं, खरी रेसिंग गाडी याहून कितीतरी अवघड असणार, हा तर पोरखेळ झाला.

गेम एकच. रोमजवळच्या वाल्लेलुंगा ट्रॅकवर बस्तान असलेल्या कूनोस सिमुलाझिओनी या इटालियन कंपनीने २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला, जीटी३ गाड्यांचा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा. त्यातलं भौतिकशास्त्र सेकंदाला ४०० वेळा हिशेब करतं, आणि तो हिशेब फोंड्यात, म्हापशात, मडगावात सारखाच होतो. बदलतं ते पडद्यापासूनचं अंतर, पायाखालचं पेडल, व्हीलमधली मोटर आणि टायरमधली हवा. म्हणून गाडीबद्दलच्या मतावर बोलण्याआधी या चार गोष्टी विचारायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. त्या विचारल्याशिवाय झालेला वाद म्हणजे डोळे न तपासता चष्म्याच्या नंबरावरून भांडण.

आधी पडदा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि दुरुस्तीला पैसा लागत नाही. २७ इंची मॉनिटरची उंची साधारण ३३.६ सेंटीमीटर असते. डोळ्यांपासून तो ७० सेंटीमीटरवर असेल तर पडदा डोळ्याला उभ्यात २७ अंशांत दिसतो. गेममधला उभा दृश्यकोनही (फील्ड ऑफ व्ह्यू) तेवढाच हवा. तोच मॉनिटर व्हीलच्या मागे अगदी चिकटवून ५० सेंटीमीटरवर आणला तर ३७ अंश. बरेच जण गेममधला हा कोन ५० ते ६० अंशांवर ठेवून खेळतात, कारण तसं केलं की आरसे, डॅशबोर्ड, बाजूच्या गाड्या, सगळं दिसतं आणि वेगही भन्नाट वाटतो. पण त्यात समोरचं सगळं बारीक होऊन लांब ढकललं जातं. वळण लांब आहे असं वाटत राहतं आणि मग एकाएकी अंगावर येतं. ब्रेक उशिरा लागतो, घाईत जोरात लागतो, गाडी सरळ बाहेर जाते आणि शिव्या पडतात टायरला.

हिशेब सोपा आहे. पडद्याच्या उंचीचा अर्धा भाग घ्या, त्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, आलेल्या आकड्याचा व्यस्त टॅन काढा आणि दुप्पट करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. पहिले दोन दिवस नळीतून बघितल्यासारखं वाटेल, ते सोसावं. बाजूच्या गाड्यांसाठी रडार, म्हणजे शेजारी कोण आहे ते दाखवणारी पडद्यावरची खूण, चालू ठेवावं आणि डावी-उजवीकडे बघायची बटणं व्हीलवर लावून घ्यावीत. हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर दोन मीटरवरून खेळणाऱ्यांचा खरा कोन १५ अंश निघतो, त्यात खेळणं शक्यच नाही. टीव्ही पुढे ओढावा, आणि त्याचा गेम मोड न विसरता चालू करावा. नाहीतर हात फिरवल्यावर चित्र मागून येतं आणि घसरलेली गाडी सावरायला हात नेहमीच उशिरा पोचतो.

हवेचं राहिलं. डोळे मिटताहेत, उद्या लिहीन.

९ जुलै

पेट्रोल पंपावर ३२-३३ पीएसआय भरून घ्यायची सवय असलेल्या माणसाला जीटी३च्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत, टायरचे आकडे कमी वाटतात. कॉम्पिटिझिओनेच्या सध्याच्या आवृत्तीत कोरड्या ट्रॅकवर गरम टायरची हवा २६ ते २७ च्या मध्ये लागते. जुन्या आवृत्तीत हाच आकडा साडेसत्तावीसच्या आसपास होता, त्यामुळे जुने सेटअप, म्हणजे गाडीची आधी कोणी जुळवून ठेवलेली मापं, उतरवून घेणाऱ्यांची गाडी आज फुगलेल्या टायरवर पळते आणि ते म्हणतात अपडेटने गेम बिघडवला.

करायचं काय, तर तीन-चार लॅप मनापासून माराव्यात. अर्ध्या जोराने मारलेल्या लॅपचा उपयोग नाही, टायर तापतच नाही. मग पडद्यावर चारही टायरचे आकडे बघावेत. समजा पुढचा डावा २७.४ दाखवतोय आणि तुम्हाला साडेसव्वीस हवेत, तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन त्या टायरची हवा नऊ टिचक्या कमी करायची. एक टिचकी म्हणजे ०.१ पीएसआय. चारही टायरना एकच आकडा देऊ नये. इटलीतला मोंझा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, म्हणून भार डाव्या टायरवर येतो आणि ते जास्त तापतात. त्यांची थंड असतानाची हवा उजव्यांपेक्षा कमी ठेवावी लागते.

आणखी एक. हवामान एक अंशाने तापलं की टायरची हवा साधारण ०.१ पीएसआयने चढते. २२ अंशांना बसवलेला सेटअप ३२ अंशांच्या शर्यतीत एक पीएसआय वर जातो. म्हणजे काल जुळलेली गाडी आज घसरते. शर्यतीआधी हवामानाचा आकडा वाचायला पाच सेकंद लागतात, तरी नव्वद टक्के वेळा तो कोणी वाचत नाही असं मला वाटतं.

‘साबणावर चालवल्यासारखं’ या तक्रारीचा मोठा हिस्सा पहिल्या लॅपमध्येच असतो. पिटमधून बाहेर आलेल्या टायरमध्ये हवा कमी, रबर थंड, ब्रेकही थंड. चोर्ला घाटात आपण इंजिन तापण्याची वाट बघत नाही, कारण रस्त्यावरच्या टायरला तशी गरज नसते. स्लिकला असते. पहिल्या दोन लॅपवरून गाडीबद्दल बोलू नये, एवढं जरी पाळलं तरी निम्मा वाद मिटेल.

आता ब्रेक. माझ्या मते गाडीच्या खरेपणाचा निवाडा इथेच होतो, व्हीलवर नाही. माणसाच्या पायाला आपण किती खोल दाबलं यापेक्षा किती जोर लावला ते नीट लक्षात राहतं. स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, तो खोली मोजतो. लोड सेलच्या पेडलमध्ये जोर मोजला जातो. व्हील बदलण्यासाठी पैसे साठवणाऱ्यांना मी आधी पेडल घ्या असंच सांगेन. तोवर गेममधली ‘ब्रेक गॅमा’ ही सेटिंग वाढवून ठेवावी, म्हणजे सुरुवातीच्या दाबाला ब्रेक हळू चढतो आणि बारीक नियंत्रण मिळतं. खुर्ची चाकांची असेल तर ब्रेक मारताच ती मागे सरकते आणि पाय कधीच तेवढा जोर लावत नाही. चाकं जुन्या बुटांत घालून ठेवली तरी काम होतं.

मोंझाच्या सरळ रस्त्याच्या शेवटी, पहिल्या शिकेनसाठी, म्हणजे वेग उतरवायला लावणाऱ्या नागमोडी वळणासाठी, २०० मीटरच्या पाटीपाशी ब्रेक मारायला सुरुवात करावी. पहिला दाब जोरात, कारण वेग जास्त असताना हवेचा दाब गाडीला खाली धरून ठेवतो आणि टायरला पकड जास्त असते. वेग उतरला की तो दाब कमी होतो, म्हणून पायही हळूहळू सोडत यायचा. व्हील वळायला लागलं की ब्रेक जवळजवळ संपत आलेला हवा. टायरकडे पकड ठरावीक असते. तीच थांबायला वापरली तर वळायला उरत नाही. ‘गाडी वळतच नाही’ म्हणणारा बहुधा ब्रेक दाबून धरून व्हील आणखी फिरवत असतो, आणि जास्त फिरवल्याने पुढचं टायर आणखीच घासतं. अशा वेळी व्हील थोडं सरळ करावं. मनाला पटत नाही, पण गाडी वळते. दहा लॅप नीट गेल्या की ब्रेकची खूण पाच-पाच मीटर पुढे न्यावी.

१२ जुलै, रविवार असल्यागत शांत

दोन दिवस वीज येत-जात होती. त्यावरून आधी हे लिहून ठेवतो. विजेचा दाब हलला की व्हीलचा अॅडॉप्टर क्षणभर बंद पडतो आणि व्हील पुन्हा चालू होताना स्वतःचा मध्य शोधत दोन्ही बाजूंना फिरतं. त्या वेळी हात व्हीलवर असेल तर मध्य चुकीचा बसतो आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. गाडीची मोडतोड झाली असं समजून लोक पिटमध्ये जातात. हात काढून घ्यावा, केबल काढून पुन्हा लावावी. कॉम्प्युटरसाठी यूपीएस असेल तर व्हीलचा अॅडॉप्टरही त्यावरच जोडावा.

दुसरा त्रास दमटपणाचा, आणि किनाऱ्याकडे खाऱ्या हवेचा. पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर मळ आणि गंज धरला की पाय ब्रेकवर नसताना पडद्यावर दोन-तीन टक्के ब्रेक दिसतो. सबंध शर्यत गाडी हलका ब्रेक लावून पळते, सरळ रस्त्यावर मागे पडते, पुढचे ब्रेक तापतात. किंवा पडद्यावरची अॅक्सिलरेटरची पट्टी थरथरते. इलाज असा: केबल काढायची, पेडलचं झाकण उघडायचं, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर पोटेन्शिओमीटरच्या फटीत मारायचा, पेडल पंचवीस-तीस वेळा पूर्ण खाली-वर करायचं, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नये, तो मागे थर ठेवतो आणि धूळ धरतो. तेवढ्यापुरतं चालवायचं असेल तर डेडझोन, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा न मोजला जाणारा भाग, तीन टक्के द्यावा. चवथीपर्यंत पेडल झाकून ठेवायचं असेल तर सिलिका जेलच्या पुड्या आत टाकाव्यात.

आता व्हीलमधून हाताला काय कळतं ते. वळणात व्हील जड होत जातं, कारण टायरवरचा आडवा जोर चाकाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो आणि चाकाला सरळ करू बघतो. टायर हद्दीजवळ आलं की तो जोर मध्याकडे सरकतो, तरफ आखूड होते आणि व्हील हलकं पडायला लागतं. हे हलकं पडणं पकड सुटण्याच्या जरा आधी येतं. खेळणाऱ्याला मिळणारा सगळ्यात मोलाचा इशारा हाच. खऱ्या गाडीत घसरण आधी बैठकीला कळते, कमरेला कळते. अनमोड घाटात ओल्या पानांवरून मागचं चाक सरकलं तर डोळ्यांच्या आधी अंगाला समजतं. खेळात अंग गप्प असतं. सगळं हाताने, कानाने आणि डोळ्याने ओळखायचं.

आणि नेमका हा इशाराच बहुतेक जण स्वतःच्या हाताने पुसून टाकतात. गिअरवर चालणाऱ्या साध्या व्हीलची ताकद दोन न्यूटन मीटरच्या आसपास. जोर जास्त लागावा म्हणून गेन, म्हणजे व्हीलच्या जोराचं प्रमाण, १०० वर चढवला की मोटर आपल्या हद्दीला पोचते आणि तिथेच अडकते. मग वळणात जड आणि अतिजड यात फरक उरत नाही, हलकं पडणं तर कळतच नाही. पडद्यावर पेडलच्या पट्ट्यांशेजारी करडी पट्टी असते, ती वळणांत लाल होत असेल तर हेच चाललंय. मोठ्या वेगवान वळणात लाल जेमतेम चमकेल इतका गेन उतरवावा. बेल्टवरच्या व्हीलला जास्त वाव असतो, व्हील थेट मोटरवरच बसवलेल्या पाच-आठ न्यूटन मीटरच्या डायरेक्ट ड्राइव्हला आणखी. गिअरच्या व्हीलला मधोमध एक मेलेली जागा असते, तिच्यासाठी ‘किमान जोर’ ही सेटिंग थोडी वाढवावी. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर व्हील थडथडायला लागलं की जरा मागे यावं. व्हील फिरण्याचा कोन त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये एकच हवा, दोन्हीकडे ९०० अंश.

पहिल्या ‘असेटो कोर्सा’त, २०१४ च्या, कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे), रस्ता आणि घसरण यांचे व्हीलला जाणवणारे वेगळे इफेक्ट आहेत. ते वरून घातलेली फोडणी. टायरकडून येणारी चव त्यात बुडते. शून्यावर ठेवावेत. इंजिनचा आवाज उतरवून टायरचा चढवावा, तो खरंच शिकवतो.

व्हील प्लॅस्टिकच्या टेबलाला बांधू नये, टेबल हलतं आणि निम्मा जोर तेच खातं. १८ मिलिमीटरचं प्लायवूड पुरे.

उरलं ते ‘अवघड म्हणजे खरं’ हे मत. मला ते पटत नाही. जीटी३ गाडीत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच गरगरू न देणारी यंत्रणा) कारखान्यातूनच असतात, ते चालू ठेवून खेळणं ही लबाडी नव्हे. १९६७ च्या लोटस ४९ या फॉर्म्युला वन गाडीत ते नव्हते, तिथे बंद ठेवावेत. गाडीत होतं तेवढंच असू द्यायचं, हा माझा नियम. चांगली बसवलेली रेसिंग गाडी घसरायला टपलेली नसते, ती विश्वासाने टेकते. मोंझाला जीटी३ घेऊन १ मिनिट ४८ सेकंदांच्या आसपास पोचणारे लोक बघावेत, त्यांचे हात किती कमी हलतात. मी तर वेळेपेक्षा दहा लॅपमधला फरक बघतो. तो अर्ध्या सेकंदात बसला की मग सेटअपबद्दल बोलायला अर्थ येतो, त्याआधी गाडी बदलली की चालवणारा, हे कळायला मार्ग नाही.

बाकीच्या गेमबद्दल थोडक्यात. हातात गेमपॅडच असेल तर ‘ग्रान टुरिस्मो ७’ त्याला जास्त सांभाळून घेतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. ऑनलाइन शर्यतींच्या ‘आयरेसिंग’मध्ये दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरावे लागतात, पण ट्रॅकबाहेर गेलात तर १, तोल गेला तर २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर ४ दंडाचे गुण लागतात, आणि त्यामुळे माणसं पहिल्या वळणावर थोडी जपून येतात. तिथे सुरुवातीला मिळणारी माझदा एमएक्स-५ शिकायला उत्तम. ताकद कमी, वजन कुठे सरकतंय ते लगेच कळतं. ऑनलाइन खेळताना वायफाय नको, केबल लावावी. मुसळधार पावसात सिग्नल हलला की तुमची गाडी दुसऱ्यांच्या पडद्यावर उड्या मारते आणि टक्कर त्यांना भोगावी लागते.

ओल्या ट्रॅकवर अजून पुरतं लिहायचंय. बेल्जियममधला स्पा ट्रॅक, ७.००४ किलोमीटर, पावसाचे टायर, तापल्यावरची हवा ३० पीएसआयच्या जवळ, कोरड्यापेक्षा बरीच जास्त. गाड्या जातात ती रेषा सुकायला लागली की हे टायर झपाट्याने तापतात, सरळ रस्त्यावर मुद्दाम पाणी शोधत चालवायचं. पागोळ्यांचा आवाज इतका मोठा आहे की हेडफोनशिवाय टायर ऐकू येणार नाही.