लाल पेन, निळं पेन

गुरुवारी दुपारी अडीचला चिकूला फ्लूच्या औषधाचा पहिला डोस दिला आणि सिरिंज धुता धुता डोक्यात आलं, दिवसातून दोनदा म्हणजे बारा तासांनी, म्हणजे पुढचा रात्री अडीचला! तापाने मलूल झालेल्या सहा वर्षांच्या पोराला मध्यरात्री उठवून ते कडवट गोड पाजायचं? तेही पाच दिवस?

डॉक्टरांना फोन केला. "आजचा दुसरा रात्री दहाला द्या. उद्यापासून सकाळी नऊ, रात्री नऊ. पाच दिवसांत दहा डोस पुरे झाले पाहिजेत." क्लिनिकमध्ये समोर बसलेली असताना हे विचारायला सुचलं नव्हतं. तिथे सगळं लक्ष वजनकाट्यावर. १८ किलो, म्हणून ४५ मिलिग्रॅम. आमच्या बाटलीत एका मिलीला १२ मिलिग्रॅम, म्हणजे ३.७५ मिली. आता बाटलीसोबतच्या टोपणावर ३.७५ कुठे असतं? केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज आणली, तर तिच्यावरही ३.६, मग थेट ३.८. त्या ३.८ च्या किंचित अलीकडे दट्ट्या थांबवायची सवय मला शुक्रवारपर्यंत झाली.

ताप बुधवारी संध्याकाळी चढला होता. वर्गातल्या दोघांना फ्लू निघालाय म्हटल्यावर डॉक्टर थांबले नाहीत. दोन दिवसांच्या आत सुरू केलं तर याचा खरा उपयोग, म्हणाले. पुण्यात स्वाइन फ्लूचा २००९ चा ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय, शाळा बंद आणि रस्त्यावर सगळ्यांची तोंडं रुमालात, त्यांना 'फ्लू' शब्दाने अजूनही पोटात गोळा येतो. मी त्यातलीच.

खरा घोळ झाला तो पॅरासिटामॉलचा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मी ५ मिली मापून पलंगापाशी गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी दिलं की मघाशी." आमच्या घरात 'मघाशी' म्हणजे दहा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत काहीही असू शकतं. खोदून विचारल्यावर कळलं, सहाला दिलं होतं. दोन डोसांत निदान सहा तास ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि मी दीड तासात दुसरा द्यायला निघाले होते. शिवाय फ्रिजच्या दारात चिकू लहान असतानाची १२० मिलिग्रॅमची बाटली तशीच, नवी २५० ची. दोन्ही आकडे ५ मिलीतलेच, पण नवीत औषध दुपटीहून जास्त. जुनी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली.

मग भिंतीवरचं कालनिर्णय कामाला आलं. फ्लूचं औषध लाल पेनाने, तापाचं निळ्याने, देणाऱ्याने तिथेच वेळ लिहायची. रंग वेगळे, कारण हिशेबच वेगळे. निळं ताप बघून: शांत झोपलाय तर सहा तास झाले म्हणून उठवायचं नाही. लाल घड्याळ बघून: ताप असो नसो. शनिवारी ताप उतरला, पोरगं गाद्यांवर उड्या मारायला लागलं, तेव्हा नवरा म्हणाला, "आता कशाला उगाच?" मी नुसतं कॅलेंडरकडे बोट दाखवलं. पाच लाल आकडे झाले होते, पाच बाकी.

एकदा ओकलाही. शनिवारी सकाळी उपाशीपोटी दिलं, ही माझी चूक. पाच मिनिटांत सगळं चादरीवर. परत द्यायचं की नाही, हे मनाने ठरवलं नाही, फोन केला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती वेळाने ओकला?" लगेच म्हटल्यावर पुन्हा द्या म्हणाले. तेव्हापासून आधी चार घास मऊ भात, मेतकूट, तूप, आणि मगच सिरिंज.

सोमवारी रात्री नऊला दहावा लाल आकडा पडला. मंगळवारी सकाळी सासूबाई चष्मा लावून कॅलेंडरपुढे उभ्या. "काय गं हे! संकष्टी नेमकी कधी आहे, या तुझ्या गिचमिडीत काही दिसेल तर शपथ."