ठेव मोडा आणि छप्पर करा

शाळेची ठेव मोडून छप्पर का करत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी लग्नाच्या पंगतीतही मला गाठून विचारतात, "खजिनदार, बँकेत एवढ्या ठेवी पडून आहेत. एखादी मोडा आणि गळकं छप्पर करून टाका. विचारतंय कोण?"

विचारणारे आहेत ना! बहुतेक ठेवी पारितोषिकांच्या. फाइलीत एक पिवळं पडलेलं आंतर्देशीय पत्र आहे : आईच्या स्मरणार्थ पाच हजार रुपये, मुद्दल कायम ठेवावं, व्याजातून दहावीत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यावं. खाली तेव्हाच्या अध्यक्षांची सही. त्या सहीनं पैसे शाळेचे झाले, पण तेवढ्याच कामापुरते. देणगीदारानं 'मुद्दल कायम ठेवा' असं लेखी दिलं असेल तरच आयकर खातं ती रक्कम कायमनिधी धरतं, आणि एप्रिल 2021 पासून तर ती कायद्यानं ठरवलेल्या प्रकारांतच, वेगळी गुंतवून ठेवावी लागते.

आज त्या ठेवीचं वर्षाचं व्याज सव्वातीनशेच्या आसपास. त्यातही यंदा संस्कृत घेणारं कोणीच नाही. देणगीदारांचे चिरंजीव म्हणाले, "काका, छपराला वापरा, आमची हरकत नाही." मन मोठं, पण परवानगी द्यायला पैसे आता त्यांचेही नाहीत. मूळ हेतू पारच पडत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये कलम 55 आहे. धर्मादाय आयुक्तांमार्फत रीतसर बदल मागता येतो. बदलही मूळ इच्छेला जमेल तितका धरूनच. आता पाच हजारांसाठी वकील लावायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणून व्याज त्याच खात्यात साठू देतो. छपरासाठी 'इमारत दुरुस्ती' असं वेगळं पावतीपुस्तक काढलंय.

खरी वाटाघाट देणगी घेतानाच व्हायला हवी, असं माझं मत. हल्ली पत्रात एक ओळ घालून घेतो : हा विषय बंद झाल्यास विश्वस्तांनी ठराव करून दुसऱ्या भाषाविषयासाठी व्याज वापरावं. बहुतेक जण हसत सही करतात. एक गृहस्थ मात्र बिनसले. "देणारा मी, आणि अट तुमची?" म्हणाले. चहा पिऊन, चेक खिशात घालून गेले. समितीतल्या काहींना हळहळ वाटली; मला नाही.